बुडालेला रोज

धुळे

ती. आप्पांस,


‘पोराला कबड्डीत करिअर आहे का, हो की नाही एवढंच कळवा,’ असं तुम्ही लिहिलंत. एवढ्यावर भागलं असतं तर फोनच केला असता. तुमच्या मनात लिलावाचे आकडे आहेत, आणि ते खोटे नाहीत. 2014 साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हा सगळ्यात महाग गेलेल्या राकेश कुमारची बोली 12 लाख 80 हजारांची होती. 2023 मध्ये पवन सेहरावतवर 2 कोटी 60 लाखांच्या वर बोली गेली. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या सिद्धार्थ देसाईला 2019 मध्ये 1 कोटी 45 लाख मिळाले. पण संघ बारा आणि एका संघात फार तर पंचवीस जण. देशभरातले आणि इराणकडचे धरून तीनशेच्या आत जागा, त्याही वर्षातल्या दोन-अडीच महिन्यांच्या. उरलेले साडेनऊ महिने आणि तिशीनंतरची तीस वर्षं कोण पोसणार, हे त्या बोलीत कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून माझं म्हणणं असं की, खेळाडूच्या धंद्याचा हिशोब मिळालेल्या बक्षिसावरून नव्हे, खेळापायी बुडालेल्या रोजावरून मांडावा.

हे मी माझ्या डोक्यातून काढलेलं नाही. इंग्लंडात रग्बीचा एक प्रकार आहे, रग्बी लीग. तेरा-तेरा जणांचा, आपल्यासारखाच धरपकडीचा. चेंडू घेऊन धावणाऱ्याला समोरच्यांनी धरून पाडायचं. सहा वेळा पाडला की चेंडू दुसऱ्यांकडे. या खेळाचा जन्मच मजुरीच्या भांडणातून झाला. यॉर्कशर-लँकेशरमधले खेळाडू बहुतेक गिरणीतले आणि खाणीतले. शनिवारी दूरच्या गावी सामना असला की पाळी चुकायची आणि पगार कापला जायचा. बुडालेल्या वेळेची भरपाई द्या, एवढीच त्यांच्या क्लबांची मागणी होती. 1893 साली रग्बी संघटनेच्या लंडनच्या सभेत ती फेटाळली गेली. शिकलेल्या, घरचं खाऊन खेळणाऱ्या मंडळींना खेळात पैसा शिरणं विटाळासारखं वाटत होतं. मग 29 ऑगस्ट 1895 रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली आणि दिवसाला सहा शिलिंग भरपाई ठरवली. 1898 मध्ये त्यांनी उघड पैसे घेऊन खेळायला परवानगी दिली, पण अट घातली की खेळाडूला दुसरं खरं काम असलंच पाहिजे. क्लबच्या पैशावर पोट चालेल, या भरवशावर त्यांनी कुणाला सोडलं नाही.

आता आपल्याकडे पाहा. गावोगावच्या सामन्यांत पहिलं बक्षीस रोख आणि एक पुरुषभर उंचीची ढाल. रोख रक्कम सात खेळणारे आणि राखीव यांच्यात वाटली, गाडीभाडं वजा केलं, की माणशी जे उरतं त्यात दोन दिवसांची मजुरी निघाली तर निघाली. गुडघ्याचा खर्च त्यात कुणी धरतच नाही. चढाईवाला रेषेकडे वळतो तेव्हा सगळा भार एका पायावर येतो. नेमकं त्याच क्षणी कॉर्नरवाला घोट्याला झडप घालतो आणि मागून साखळी अंगावर येते. पाय जमिनीत रुतलेला, धड फिरलेलं, आणि मधे सापडतो तो गुडघा. 2022 मध्ये 2 कोटी 26 लाखांच्या पवनचा गुडघा हंगामातल्या पहिल्याच सामन्यात गेला आणि सगळा हंगाम बाहेर बसून काढावा लागला. पुढच्याच वर्षी तो त्याहून मोठ्या बोलीला परत उभा राहिला, कारण बरं होईपर्यंत थांबणं त्याला परवडलं. शिवाय तो रेल्वेचा माणूस. रोजानं जाणारा पोरगा थांबू शकत नाही. तो पट्टी बांधून पुढच्या शुक्रवारी मैदानात उतरतो आणि तिथेच संपतो.

तुम्ही म्हणाल, नोकरीचा टेकू मिळाला की पोरगं जीव तोडून खेळणार नाही. पण रेल्वे, पोलीस, बँका यांच्या संघांनीच लीग येण्याआधी कित्येक दशकं हा खेळ वर ठेवला. सरावाच्या वेळेचाही पगार देणारी ती जागा म्हणजे हडर्सफील्डचे सहा शिलिंगच की! दुसरा आक्षेप सामने भरवणाऱ्या मंडळवाल्यांचा: पैसा आला की मातीतला खेळ बाटतो. हे ऐकून मला लंडनची ती सभा आठवते. बोलणाऱ्याचा पगार बहुधा एक तारखेला जमा होत असतो. तिसरा आक्षेप खरा आहे, मंडळाकडे पैसा नसतो. तरीही ढाल वीतभर लहान केली आणि पाहुण्यांचे फेटे वगळले, तर खेळाडूंचा अपघात विमा निघू शकतो.

तेव्हा माझं उत्तर ‘हो’, पण लीगसाठी नव्हे. लीग लागली तर ती वरकमाई. सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के जागा आहेत. मात्र त्याला गावच्या निमंत्रित चषकाचं प्रमाणपत्र चालत नाही, मग ते कुणाच्याही सहीचं असो. जिल्हा असोसिएशनच्या निवड चाचणीतून राज्य स्पर्धेपर्यंत जावं लागतं, आणि मिळालेल्या कागदाची नाशिकच्या क्रीडा उपसंचालकांकडे पडताळणी करून घ्यावी लागते. पोराकडे आज कोणकोणते कागद आहेत ते पाहून कळवा. पदवीचं शेवटचं वर्ष मात्र सोडू देऊ नका.

कापूस वेचणीला तो सरावामुळे येणार नसेल तर त्याच्या जागी मजूर लावा, आणि तो रोज घरखर्चात न मिसळता वहीत वेगळ्या पानावर मांडा. पानावर त्याचं नाव घाला.

आपला,
नाना