केमचे ते घर

करमाळा तालुक्यातील केम हे गाव कुंकवासाठी ओळखले जाते. हळदीला चुना लागला की ती पाहता पाहता लाल होते. तेथील एका रेल्वे कर्मचाऱ्याच्या घरी आम्ही गेलो, त्या संध्याकाळी हाच प्रकार माणसांत पाहावयास मिळाला. अकरा वर्षांचा मुलगा डबा शाळेतच विसरला होता. वडिलांनी जाब विचारला, मुलगा किंचाळला, ताट भिरकावले गेले. आई मध्ये पडली तर दोघेही तिच्यावर उलटले. दहा मिनिटांनी मुलगा अंगणात हसत खेळत होता. आई मात्र रात्री जेवली नाही.

आम्ही मुलाला आत्मसंयमावर प्रवचन दिले. तो म्हणाला, "फादर, मी मुद्दाम नाही करत." आम्ही त्याला खोटे ठरवले.

पुढे सोलापुरात डॉक्टरांनी एडीएचडीचे निदान केले. अवधान टिकत नाही, आवेग आवरत नाही, असा हा विकार. जॉर्ज स्टिल या इंग्रज बालवैद्याने १९०२ साली अशा मुलांविषयी 'नैतिक नियंत्रणातील दोष' असे शब्द वापरले, तरी कारण शरीरात असावे असा त्याचा कयास होता. आम्ही 'नैतिक' या शब्दापाशीच अडकलो होतो! हा विकार पुष्कळदा घराण्यातून येतो, म्हणून डॉक्टरांनी वडिलांनाही त्यांचे बालपण विचारले. ते खाली मान घालून बसले.

औषधाने मुलाचे चित्त बरेच स्थिरावले. भांडणाची सवय मात्र त्या माउलीने मोडली. मुलगा घरी आल्यावर पोटात अन्न जाईपर्यंत प्रश्न नाहीत. एका वेळी एकच काम सांगायचे. "का केलेस?" हे विचारायचेच नाही, कारण त्याचे उत्तर त्यालाही ठाऊक नसते. आवाज चढला की वडिलांनी स्टेशनपर्यंत फिरून यायचे. पहिल्या दिवशी ते दोन तास परतले नाहीत, आणि बाबा घर सोडून गेले असे समजून मुलगा दारात रडत बसला. तेव्हापासून ते वेळ सांगून जातात. फेकलेली वस्तू ज्याची त्याने उचलायची, क्षमाही मागायची. विकार आहे म्हणून त्यातून सुटका नाही.

गेल्या भेटीत वही हरवली होती. वडील उठले, "अर्धा तास," म्हणाले आणि चपला घालून निघाले. मुलाला घेऊन आम्हीही थोड्या वेळाने स्टेशनवर गेलो. तेथे आम्ही त्याला म्हटले, "त्या दिवशी तू खरे बोलत होतास. आमचे चुकले." त्याने ऐकले की नाही, कळले नाही. तो मालगाडीचे डबे मोजत होता.