ऐकणारं कोणीतरी हवं

दापोली तालुक्यातल्या आमच्या गावात अस्रच्या नमाजनंतर मकतब भरायचं. चटईवर ओळीनं मुलं-मुली, प्रत्येकापुढे रेहल आणि रेहलवर आधी कायदा, मग अम्मपारा, मग एकेक सिपारा. मौलवीसाहेब सबक द्यायचे आणि आम्ही सगळे एका सुरात तो घोकायचो. मी कुरआन खतम केला तेव्हा अम्मीनं वाडीभर गोड वाटलं होतं. या वाचनाला आमच्याकडे नाजरा म्हणतात: अक्षर ओळखून, बघून वाचायचं, अर्थ शिकवला जात नाही. मौलवीसाहेबांनी करून घेतलेली ती अक्षरओळख पक्की होती. आज जे काही येतं, त्याचा पाया त्यांनीच घातला.

पण मुलगी जरा मोठी झाली की तिचं मकतब सुटायचं. मुलांपैकी काहीजण पुढे हिफ्झला जायचे, कारी व्हायचे. मुलींसाठी पुढचा वर्गच नव्हता. मग शाळा, कॉलेज, नोकरी, संसार. रमजानमध्ये एक खतम व्हायचा, पण माझं वाचन तपासून बघणारं कोणी नव्हतं.

२०२० च्या रमजानमध्ये मशिदी बंद होत्या. तरावीह घरातच पढायची होती. पुण्यात आमच्या घरी आम्ही बायकांनी आमची जमात केली आणि आळीपाळीनं मोठ्यानं तिलावत केली. एरवी सगळं मनातल्या मनात किंवा पुटपुटत चालायचं. त्या महिन्यात आम्ही एकमेकींचं वाचन स्पष्ट ऐकलं. कोणाचा ‘मद्द’, म्हणजे लांबवायचा स्वर, आखूड; कोणाचा ‘गुन्ना’, म्हणजे नाकातून येणारा आवाज, गायब. तेव्हाच ठरवलं की तजवीद, म्हणजे शुद्ध उच्चाराचे नियम, शिकायची, आणि ती बाईकडूनच शिकायची. पुरुष कारींपुढे मोकळ्या आवाजात वाचायला माझ्यासारख्या अनेकींना संकोच वाटतो. जवळपास अशी शिक्षिका मिळेना, म्हणून ऑनलाइन शोध सुरू केला.

पहिला वर्ग फार मोठा निघाला. शिक्षिका समजावून सांगायच्या आणि आम्ही सगळ्या माइक बंद ठेवून ऐकायचो. नियम वहीत उतरले, जिभेवर मात्र आले नाहीत. तो वर्ग सोडून मी एकटीनं शिकायचं ठरवलं आणि कैरोतल्या एका उस्ताजा मिळाल्या. अझहरमध्ये शिकलेल्या, इजाजा असलेल्या.

इजाजा म्हणजे नुसतं प्रमाणपत्र नव्हे. शिष्यानं संपूर्ण कुरआन उस्तादांना ऐकवलेला असतो आणि उस्तादांनी तो त्यांच्या उस्तादांना. अशी साखळी, म्हणजे सनद, मागे मागे थेट पैगंबरांपर्यंत जाते. आपल्याकडे आणि बहुतेक मुस्लिम जगात जो पाठ चालतो, तो कुफ्याच्या आसिम यांचा, त्यांचे शिष्य हफ्स यांच्याकरवी आलेला. मोरोक्को-अल्जीरियाकडे वर्श यांचा पाठ चालतो. हे उस्ताजांकडून ऐकताना जाणवलं की आपण लिपी शिकलो होतो, पण ज्या परंपरेतून हा पाठ आला ती कधी समजून घेतली नव्हती. कोकणी मुसलमान शाफई मताचे, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या खुलल्या. इमाम शाफईंचा इंतकाल इसवी सन ८२० मध्ये इजिप्तमध्ये झाला आणि त्यांची मजार कैरोतच आहे.

पहिले कित्येक तास फक्त मखरज झाले. मखरज म्हणजे अक्षराचा आवाज जिथून निघतो ती जागा. पंधराव्या शतकात वारलेले इमाम इब्नुल जज़री यांनी अशा १७ जागा सांगितल्या आहेत आणि आजही तोच हिशेब शिकवतात. आपल्याकडे ज़ाल, ज़े, ज़्वाद, ज़ोय ही चार अक्षरं सर्रास एकाच ‘ज़’वर उरकतात. देवनागरीत छापलेल्या यासीन शरीफमध्येही चौघांना एकच नुक्ता. उस्ताजांनी चौघांना वेगळं केलं. ज़ालसाठी जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला. ज़ेसाठी टोक आत आणि आवाजात शिट्टी. ज़ोयला टोक पुन्हा दातांच्या कडेलाच, पण जिभेची मुळाकडची बाजू टाळूकडे उचललेली. इथवर कॅमेऱ्यात बघून जमलं.

ज़्वाद, म्हणजे अरबांचा दाद, मात्र तोंडाच्या आत घडतो. तिथे कॅमेऱ्याचा उपयोग नाही. उस्ताजांनी डावा तळहात आडवा धरला, ही जीभ; उजव्या हाताची बोटं वाकवून त्यावर कमान केली, या वरच्या दाढा. मग डाव्या पंजाची कड हळूहळू, मागून पुढे, बोटांना टेकवत नेली. जिभेचं टोक नाही, कड दाढांना लागली पाहिजे. “टोक विसरा, उख्ती,” त्या म्हणायच्या. मी म्हणायचे, त्या डोळे मिटून ऐकायच्या आणि बोटानं ‘पुन्हा’ अशी खूण करायच्या. फातिहाच्या शेवटच्या आयतीत हा दाद येतो, आणि त्याच शब्दात त्याला लागून सहा मात्रांचा मद्द. नमाजच्या प्रत्येक रकातीत म्हटली जाणारी ही आयत. त्या एका शब्दासाठी त्यांनी कितीतरी सबक दिले आणि एकदाही घाई केली नाही.

ऑनलाइनची अडचण वेगळीच होती. मीटिंगचं सॉफ्टवेअर पंख्याची घरघर गाळून टाकतं आणि त्याच झपाट्यात घशातून येणारा मोठा ‘ह’ किंवा लांबवलेला गुन्नाही कापतं. उस्ताजांनी पहिल्याच आठवड्यात झूममधलं ‘ओरिजिनल साउंड’ चालू करायला लावलं, तारेचा हेडफोन आणायला सांगितला आणि पंखा बंद. मे महिन्यात पुण्यात पंख्याशिवाय बसणं सोपं नाही, पण माझा ‘ह’ त्यांना नीट ऐकू यायला लागला.

दुसरी गोष्ट आवाज पोचायला लागणाऱ्या वेळाची. त्या अर्ध्या क्षणाच्या फरकामुळे दोघींना एका सुरात म्हणता येत नाही. मकतबमध्ये घोळक्यात आपला आवाज लपून जातो, इथे लपायला जागा नव्हती. त्या म्हणणार, मी ऐकणार. मग मी म्हणणार, त्या ऐकणार. पुढे कळलं की कुरआन शिकवण्याची मूळ रीत नेमकी हीच. उस्तादांच्या मुखातून घेणं याला तलक्की म्हणतात, आणि घेतलेलं त्यांना परत ऐकवायचं. इंटरनेटच्या संथपणानं आम्हाला त्याच रीतीवर आणून सोडलं.

त्यांच्याकडे मदिनेच्या छपाईचा ६०४ पानांचा मुसहफ, माझ्याकडे आपल्याकडचा. पानं जुळायची नाहीत, जज़्म आणि थांब्याच्या खुणाही वेगळ्या. म्हणून सूरह आणि आयतीचा क्रमांक सांगूनच सबक व्हायचा. गृहपाठाला शेख महमूद खलील अल-हुसरींची तिलावत. त्यांनी १९६१ मध्ये संपूर्ण कुरआन संथ लयीत ध्वनिमुद्रित केला. एकेक अक्षर वेगळं ऐकू येतं, शिकणाऱ्याला याहून चांगला सोबती नाही. इजिप्तमध्ये २०२३ पासून उन्हाळ्यात घड्याळं पुन्हा तासभर पुढे सरकू लागली, तेव्हा आमचा रात्री साडेनऊचा सबक साडेआठवर आला आणि घरातल्या जेवणाची वेळही त्याप्रमाणे बदलली.

तिलावत रुळल्यावर अरबी भाषा घेतली. पुस्तक डॉ. व्ही. अब्दुर रहीम यांचं, मदिना विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांसाठी तयार झालेलं. हे लेखक मूळचे तमिळनाडूतल्या वाणियंबाडीचे, याचा मला फार अभिमान वाटला. शाळेत मी संस्कृत घेतलं होतं, ते इथे कामाला आलं. धातू, त्यापासून होणारी रूपं आणि मुख्य म्हणजे द्विवचन. मराठीत नसलेलं द्विवचन अरबीत आहे. सूरह रहमान आमच्या घरात लहानपणापासून ऐकत आले. त्यात एक प्रश्न ३१ वेळा येतो. व्याकरण शिकल्यावर कळलं की तो प्रश्न द्विवचनात आहे, माणूस आणि जिन्न या दोघांना उद्देशून. पाठ असलेली सूरह त्या दिवशी प्रथमच मला उद्देशून बोलली, आणि मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. नाजरा वाचणाऱ्या लाखो बायांना हा आनंद मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

आता चुका दाखवणारी ॲप्स आली आहेत. राहिलेला शब्द ती दाखवतात, पाठांतराला त्यांचा उपयोग होतो, मीही करते. पण दाद जिभेच्या टोकातून आला की कडेतून, हे ओळखायला मुरलेला कान लागतो, आणि ‘पुन्हा’ म्हणायला समोर माणूस लागतो.

वयाचा प्रश्नही मनातून काढून टाकावा. कोकणातच, गागोद्याला जन्मलेल्या विनोबांनी मोठ्या वयात अरबी शिकून कुरआन मुळातून वाचला आणि त्यातून ‘कुराणसार’ सिद्ध केला. धर्म वेगळा, वय वाढलेलं, तरी त्यांनी अक्षरापासून सुरुवात केली.

म्हणून माझ्यासारख्या अर्ध्यावर मकतब सुटलेल्या बहिणींना सांगते, सुरुवात करा. शिक्षिकेला आधी विचारा, इजाजा कोणत्या पाठाची, कोणाकडून. मोठ्या घोळक्यात जाऊ नका. तुमचा एकटीचा आवाज ऐकला जाईल असाच वर्ग घ्या. पहिला महिना फातिहावरच घालवणाऱ्या शिक्षिकेला कंटाळू नका, ती खरी शिक्षिका. आणि घरच्यांना एवढंच सांगणं आहे: आठवड्यातून दोनदा तिला अर्धा तास, एक खोली आणि बंद दार द्या. त्या अर्ध्या तासात चहा मागू नका.