वहिनी, तुमचं समाधान कशात आहे?

“आधी उठत नाहीत म्हणून तक्रार, आता झोपत नाहीत म्हणून तक्रार. वहिनी, तुमचं समाधान तरी कशात आहे?”

22 जून 2017, गुरुवार. डॉक्टर एवढं बोलले आणि दवाखान्यात हशा पिकला. कंपाउंडर हसला, इंजेक्शनसाठी थांबलेली म्हातारी तोंडाला पदर लावून हसली, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसलो मी. बायको हसली नाही. मांडीवरच्या पर्सची चेन ती उघडत होती, लावत होती. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मागचं थोडक्यात सांगतो. पन्हाळ्याच्या पायथ्याला आमचं गाव. तिथल्याच हायस्कूलला मी गणित-विज्ञान शिकवतो. त्या वर्षी मार्चमध्ये मी आडवा झालो तो झालोच. नववीचे पेपर तपासायचे राहिले. दिवसाचे चौदा-चौदा तास झोप, उठलो तरी पाय ओढत न्हाणीपर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं. ‘कशामुळं झालं?’ असं लोक अजून विचारतात. कशामुळं म्हणून काही नव्हतं. मे महिन्यात एकदा विहिरीच्या काठावर बराच वेळ उभा राहिलो, तेव्हा थोरल्या बहिणीनं हाताला धरून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडं नेलं. “डिप्रेशन आहे, घाबरायचं कारण नाही,” ते म्हणाले. 2 जूनपासून एस्सिटालोप्रॅम सुरू झाली, 10 मिलिग्रॅमची, रोज एक.

दहा-बारा दिवस काहीच नाही. मग एका पहाटे तीनला डोळे टक्क उघडले. अंगण झाडलं, गोठा धुतला, म्हशीची धार काढली आणि तांबडं फुटायच्या आत मुलाला त्रिकोणमिती शिकवायला उठवून बसवलं. 15 तारखेला शाळा उघडली. लागोपाठ सात तास शिकवलं तरी घसा बसेना. हेडमास्तरांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. बहिणीनं जाऊन अंबाबाईची ओटी भरली. गोळी लागू पडली, असं जो तो म्हणायला लागला. आणि हे मी आजही नाकारणार नाही, तेवढा आनंद मला लग्नात झाला नव्हता की नोकरीची ऑर्डर हातात पडली तेव्हाही झाला नव्हता.

बायको तेवढी घड्याळ बघत होती. रात्रीची झोप तीन तास, मग दोन, मग नुसतीच कूस बदलणं. 22 तारखेला ती माझ्याबरोबर आली ती हेच सांगायला. मी पेढ्यांचा बॉक्स घेऊन गेलो होतो आणि खुर्चीत बसल्यापासून अखंड बोलत होतो. काय बोलत होतो ते मला आठवत नाही, तिला शब्द न् शब्द आठवतो. मी श्वास घ्यायला थांबलो तेवढ्यात ती म्हणाली, “डॉक्टर, हे झोपत नाहीत हो. चार रात्री झाल्या. आणि थकतही नाहीत.”

थकतही नाहीत. तिनं किती नेमकं सांगितलं होतं! झोप न येणं वेगळं आणि झोपेची गरजच न वाटणं वेगळं. ज्याला झोप लागत नाही तो सकाळी चुरगळलेला असतो, वैतागलेला असतो. मी डोळ्याला डोळा न लावता ताजातवाना होतो. उन्मादाची, म्हणजे डॉक्टर ज्याला मेनिया म्हणतात त्याची, ही पहिल्या दोन-तीन खुणांतली खूण. तिनं कुठलं पुस्तक वाचलं नव्हतं, तिनं मला बघितलं होतं. आणि तिच्या वाट्याला काय आलं, तर तो विनोद. चिठ्ठीवर ‘तेच चालू, एक महिना’ असं लिहून मिळालं. सगळं मिळून चार मिनिटं. बाहेर येऊन मी चारचौघांत तिच्यावर ओरडलो की तुला मी बरा झालेला बघवत नाही. ती गाडीवर मागं बसली नाही. वडापनं घरी आली.

बहीण म्हणते, सोड आता ते. सोडवत नाही. त्या दिवशी तिचं ऐकलं असतं तर पुढचे चौदा दिवस टळले असते. टळले असते का? उन्माद चढल्यावर गोळी बंद केली की तो लगेच उतरतो असं काही नाही. पण सोनं तरी कपाटात राहिलं असतं.

सोन्याचं सांगतो. कोल्हापुरी गुळाला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे मी दरवर्षी वर्गात सांगत होतो. आता मला साक्षात्कार झाला की तो गूळ दुबईला धाडणारा माणूस मीच. 28 जूनला बायको रानात गेलेली बघून कपाटातलं आठ तोळे सोनं काढलं, पतसंस्थेत तारण ठेवलं, एक लाख सत्तर हजार उचलले. जुनी काहील विकत घेतली, घाण्याला इसार दिला, दोन गुळव्यांना उचल दिली. जूनअखेरीचा पाऊस कोसळतोय आणि मी परड्यात चुलवाण खणतोय! आमच्याकडं गुऱ्हाळं दिवाळीच्या आगेमागे पेटतात, हे चौथीतलं पोर सांगेल. पण गुळव्यांनी उचल खिशात घातली आणि गप्प बसले. पतसंस्थेतला मॅनेजर माझाच विद्यार्थी. “सर, एकदम फॉर्मात!” म्हणून त्यानं चहा पाजला. 4 जुलैला आषाढी. नंदवाळच्या दिंडीत अनवाणी चाललो, मनगटावरचं घड्याळ एकाला दिलं, पाकीट दुसऱ्याला, आणि गुळाचा भाव मला विठोबा कानात सांगतोय म्हणून रस्त्यात उभा राहून ओरडायला लागलो. 6 तारखेला मेव्हण्यानं आणि शाळेतल्या दोघांनी मला गाडीत घालून कोल्हापूरला मानसोपचारतज्ज्ञांकडं नेलं.

त्या डॉक्टरबाईंनी मला बोलू दिलं, पण प्रश्न विचारला तो सोबत आलेल्या आईला. “आजी, यांना आधी कधी असं झालं होतं?”

“व्हय की,” आई म्हणाली. “बीएडला हुता तवा. नऊ दिस झोपला न्हाई. रातचा उठून जोतिबाला चालत गेलता, समदी पुस्तकं वाटून टाकली. ह्येचा धाकला चुलता बी असाच हुता.”

झालं. एक मिनिट लागलं. वीस वर्षं घरात पडून असलेली गोष्ट, कुणी विचारली नाही म्हणून कुणी सांगितली नाही. त्याच दिवशी एस्सिटालोप्रॅम बंद झाली, लिथियम आणि ओलान्झापिन सुरू झालं. तीन आठवडे मी दवाखान्यात होतो. निदान झालं बायपोलरचं.

वाचायची खोड असल्यामुळं नंतर मी यावर मिळेल ते वाचलं. बायपोलरच्या माणसाला नैराश्याची गोळी एकटीच दिली, सोबत मन स्थिर ठेवणारं औषध नसलं, तर पहिल्या तीन महिन्यांत उन्मादाचा धोका जवळजवळ तिप्पट झालेला दिसला, असं स्वीडनमधल्या नोंदी तपासून केलेला 2014 चा अभ्यास सांगतो. सोबत तसं औषध होतं त्यांच्यात धोका वाढलेला दिसला नाही. मुळात अडचण ही की बायपोलरचा माणूस डॉक्टरांकडं बहुतेक वेळा पडलेला असतानाच जातो. चढलेला असताना कशाला जाईल? तेव्हा त्याला जग जिंकायचं असतं. म्हणून समोर दिसतं ते नुसतं डिप्रेशन.

आता खरं बोलायचं तर, जूनमध्ये डॉक्टरांनी तोच प्रश्न मला विचारला असता तर मी काय सांगितलं असतं? नाही म्हणालो असतो. शपथेवर. 1997 चे ते नऊ दिवस माझ्या लेखी आजार नव्हताच, ती माझी मर्दुमकी होती. मुलांना अभ्यासाचे दाखले देताना मी ती सांगायचो. धाकट्या चुलत्याचं तर घरात नावच काढायचं नाही, अशी रीत. मग त्या डॉक्टरांना एकट्यालाच मी का धरून बसलोय? वडिलांच्या शेवटच्या रात्री भर पावसात आलेले तेच. पैसे घेतले नाहीत. हे आठवलं की राग ओसरतो. मग पर्सची चेन आठवते आणि परत येतो. मला प्रश्न विचारला नाही याचा नाही, तिनं न विचारता उत्तर दिलं होतं त्याचा.

डिप्रेशनची गोळी विष आहे असं माझं म्हणणं नाही. आमच्या शाळेतल्या एका मॅडम ह्याच गोळीनं उभ्या राहिल्या. त्यांचा आजार वेगळा, माझा वेगळा. हे वाचून कुणी उद्यापासून आपली गोळी बंद केली तर ते पाप माझ्या माथी, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय तसलं काही करू नका. पण सुरू करण्याआधी, घरात पूर्वी कुणाला असं झालं होतं का ते आईला, आत्याला, म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि डॉक्टरांनी नाही विचारलं तरी सांगा. पहिल्या महिन्यात माणूस अचानक फारच बरा झाला, तर ओटी भरायच्या आधी त्याची झोप मोजा. जवळ कुणी डॉक्टर नसेल तर 14416 हा सरकारी टेलिमानसचा नंबर आहे, तिथं मराठीत बोलता येतं.

लिथियम हे आवर्तसारणीतलं तिसरं मूलद्रव्य, अल्क धातूंतलं पहिलं. कितीतरी वर्षं मी ते फळ्यावर लिहितोय, पोटात जाईल असं वाटलं नव्हतं. ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड नावाच्या डॉक्टरानं 1949 मध्ये त्याचा उन्मादावर उपयोग दाखवला. त्याआधी तो सिंगापूरला जपान्यांच्या कैदेत तीनेक वर्षं होता. दर तीन-चार महिन्यांनी मी रक्त देतो, लिथियमची पातळी, थायरॉइड, किडनी. गुडघा दुखतो म्हणून एकदा डायक्लोफिनॅक घेतली, तर पातळी इतकी चढली की हातातला कप हिंदकळायला लागला. दुखण्यावरच्या असल्या गोळ्यांनी ती चढते, हे तेव्हा कळलं. एरवीही हात जरा थरथरतोच. फळ्यावर सरळ रेषा येत नाही, मुलं हसतात, हसू देत. पहाटे तीनला कधी जाग आली तर पडून राहतो. वाटतं, आज ते परत येईल का. यावं असंही वाटतं. हे मी बायकोला सांगितलेलं नाही, आता ती इथंच वाचेल.

दुबई राहिली. गुळव्यांनी उचल परत केली नाही, घाण्यावाल्यानं इसार बुडवला. काहील परड्यात पालथी पडली आहे. आठ तोळ्यांतलं पाच तोळे सोनं आम्ही 2021 पर्यंत सोडवलं. उरलेलं तीन तोळे, त्यातच तिच्या आईनं दिलेल्या पाटल्या होत्या, पतसंस्थेनं लिलावात काढलं.