तक्त्यात नसलेला रकाना

मुलगी पाचवीत असताना तिच्यासाठी शाळा निवडायला मी एक तक्ता केला होता. आम्ही अ‍ॅरिझोनात, चँडलरला राहतो. या राज्यात चार्टर शाळांचा कायदा १९९४ मध्ये झाला, त्यामुळे निवडीला तोटा नाही. या शाळा सरकारी पैशावर चालतात, फी घेत नाहीत, पण कारभार स्वतंत्र संस्थेकडे असतो. जागांपेक्षा अर्ज जास्त आले की सोडत निघते.

राज्याने दिलेली श्रेणी, गणित-इंग्रजीचे निकाल, बारावीच्या मुलांना मिळालेली कॉलेजं, सगळं मी भरलं. घराजवळची डिस्ट्रिक्टची, म्हणजे नेहमीची सरकारी शाळा मात्र तक्त्यात घेतलीच नाही. शेजारची, तिथे कुणालाही प्रवेश मिळतो, एवढ्यावरच ती मी बाद केली. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रेडो संशोधन केंद्राचा २००९ चा अहवाल तेव्हाही उपलब्ध होता: गणितात १७ टक्के चार्टर शाळा आसपासच्या सरकारी शाळांपेक्षा सरस, ३७ टक्के कमी, उरलेल्यांत फरक नाही. म्हणजे ‘चार्टर’ या पाटीवरून काहीच ठरत नव्हतं. मी तो वाचला नाही.

तक्त्यातल्या सगळ्यात वरच्या चार्टर शाळेच्या सोडतीत नंबर लागला तेव्हा मी पेढे वाटले.

मुलगी सावकाश वाचते, वाचलेलं खोलवर समजून घेते. त्या शाळेत रोज प्रत्येक विषयाचा गृहपाठ आणि वरचेवर चाचण्या. मागे पडली तशी मी शिकवणी लावली. सवय होईल, असं तिला आणि स्वतःलाही सांगत राहिले. तिने गोष्टीची पुस्तकं वाचणं सोडलंय, हे तिच्या बाबांच्या लक्षात आलं, माझ्या नाही. याची मला आजही लाज वाटते.

मग मी त्या शाळेची इयत्तावार पटसंख्या उघडली. ती सगळ्यांना पाहता येते. बारावीत सहावीच्या निम्मीही मुलं नव्हती. मधे गेलेल्यांच्या जागा वरच्या वर्गांत फारशा भरल्या जात नव्हत्या. ज्या निकालावर मी भाळले होते, तो टिकून राहिलेल्या मुलांचा होता. सोडून गेलेल्यांसाठी माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता. शिक्षक किती वर्षं टिकतात, हेही मी विचारलं नव्हतं. इथे चार्टर शाळेच्या शिक्षकाला राज्याचं प्रमाणपत्र सक्तीचं नाही, म्हणून तर ते आधी विचारायला हवं होतं.

आम्ही तिला डिस्ट्रिक्टच्या शाळेत घातलं. तिथल्या बाईंनी पहिल्याच भेटीत, ती काय वाचते, असं विचारलं.

माझा तक्ता इथल्या मराठी मंडळातल्या बऱ्याच घरांत पोचला होता. मी एकेकाला फोन करून काय राहिलं ते सांगितलं. एका मैत्रिणीने तर त्या तक्त्यावरूनच मुलाला तिथे घातलं होतं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अगं, त्याला आवडते ती शाळा.” तो अजून तिथेच आहे, आणि खरंच रमलाय.