पाऱ्यावरचें पाणी

ओला पंचा दोरीवर वाळतो तो पाण्याच्या अंगच्या जोरामुळें, असें आम्हीं सांगितलें म्हणजे घरांतील मंडळी हंसतात. उकळत्या पाण्याची वाफ झांकण उडविते हें सर्वांस ठाऊक. परंतु थंड पाण्यासही बाष्पदाब असतो, व तो मोजतां येतो, हें कॉलेजांत जाईपर्यंत आम्हांसही खरें वाटलें नव्हतें.

इंग्लंडांतील जॉन डाल्टन यानें १८०१ च्या सुमारास तो मोजला, ती युक्ति साधीच आहे. पाऱ्यानें भरलेल्या दोन लांब नळ्या पाऱ्याच्याच भांड्यांत उपड्या उभ्या करावयाच्या. पारा सुमारें ७६० मिलिमीटर उंचीवर ठरतो व वर पोकळी राहते. मग वांकड्या टोंकाच्या नळीनें एकीच्या तळाशीं पाण्याचे थेंब सोडावयाचे. ते पाऱ्यांतून वर चढतात, पोकळींत त्यांची वाफ होते, आणि ती पाऱ्यास खालीं रेटते. दोन स्तंभांतील फरक हाच बाष्पदाब. मौज अशी कीं, पाऱ्यावर थोडें पाणी शिल्लक उरलें म्हणजे आणखी थेंब घालून वाफेचा दाब वाढत नाहीं. तो वाढतो उष्णतेनें. २० अंश सेल्सिअसला साडेसतरा मिलिमीटर, ३० अंशांस जवळजवळ ३२, आणि १०० अंशांस ७६०, म्हणजे बाहेरच्या हवेइतका. म्हणून तर पाणी तेथें उकळतें. ईथराचा दाब २० अंशांसच पाण्याच्या पंचवीसपट!

आम्हीं प्रयोग केला त्या दिवशीं उष्णतामापक ३० अंश दाखवीत होता. फरक आला ३८. पुन्हां पाहिलें, तरी ३८. कोष्टकाचें पुस्तक शेजारींच उघडें होतें. आम्हीं वहींत ३२ लिहिलें.

गुरुजींनीं वही पाहिली, नळीकडे पाहिलें, आणि कांहीं न बोलतां नळी हळूच तिरपी केली. वरची पोकळी निम्मी झाली. आंत निव्वळ वाफ असती तर तिचा कांहीं भाग पाणी झाला असता व पाऱ्याची उभी उंची होती तीच राहिली असती. येथें फरक ४४ झाला. नळी भरतांना आंत हवा राहिली होती. वाफ दाबली कीं मुकाट्यानें पाणी होते. हवा तसें करीत नाहीं. ३८ पैकीं ६ तिचे होते, त्यांचे १२ झाले.

"हवा राहिली यांत नवल नाहीं," गुरुजी म्हणाले, "पण ३८ लिहिलें असतें, तर ती तुमची तुम्हांला सांपडली असती."

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. त्यांनीं ३२ खोडलें नाहीं. शेजारीं ३८ लिहून सही केली. दुसरे दिवशीं आम्हीं नळी धुऊन, वाळवून, पुन्हां भरली. फरक ३३ आला, आणि तो आम्हीं ३३ च लिहिला.