परंड्याची उन्हाळी शाळा

परीक्षा संपल्या की कॉलेजातल्या मुली घरात एकच टुमणं लावतात, "आई, शिबिराला जाऊ?" आणि आपण म्हणतो, "एवढ्या उन्हात? परक्या गावात? त्यापेक्षा पापड लाट!" मला विचाराल तर मुलीला जरूर जाऊ द्या. गाव सुचवायचं तर धाराशिव जिल्ह्यातलं परंडा सुचवीन.

बार्शीपर्यंत आगगाडीनं यावं, पुढे एस.टी. आहेच. परंड्याचा किल्ला डोंगरावरचा नव्हे, भुईकोट. त्यामुळे धाप न लागता बघता येतो. भोवती खंदक, बुरुजांवर तोफा. किल्ला बहमनी काळातला, महमूद गवानानं बांधला असं सांगतात. १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती गेलं, तेव्हा निजामशाहीची गादी काही काळ इथं होती.

विजापूरची प्रसिद्ध मुलुख-मैदान तोफ पूर्वी याच किल्ल्यात होती बरं का! १५४९ साली ती अहमदनगरला ओतली. लांबी चौदा फुटांच्या वर, वजन सुमारे ५५ टन. १६३२ मध्ये मुरार जगदेवानं ती परंड्याहून विजापूरला नेली. दहा हत्ती नि चारशे बैल लागले म्हणतात. मुलींना इथं वही काढायला लावावी. हत्ती सोडून द्या, तरी एकेका बैलाच्या वाट्याला १३७ किलो येतात! मग रस्ता कसला, नदी कशी ओलांडली, वैरण कोणी पुरवली, असे प्रश्न आपोआप निघतात. अशी ही तोफ १८५४ मध्ये लिलावात अवघ्या १५० रुपयांना गेली होती! नशीब, तो सौदा रद्द झाला.

पण नुसते दगड बघून परतू नये. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ मध्ये सुरू झाली, तेव्हापासून मुलं खेड्यात मुक्काम करून श्रमदान करतात. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर, असा तिचा हिशेब. त्याआधीच, १९६७ पासून, बाबा आमट्यांनी सोमनाथला भर मे महिन्यात श्रमसंस्कार छावणी भरवली. परंडा भागात पावसाचा भरवसा नाही, तेव्हा पाण्याचीच पाहणी हाती घ्यावी. इथं मुलींचं काम मुलांना जमणार नाही. मुलं ओट्यावर बसून कारभाऱ्यांना विचारतील, "पाणी किती लागतं?" मुली मात्र थेट चुलीपाशी जातात आणि बाईलाच विचारतात, "मावशी, दिवसाला खेपा किती?" दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहावीत. खरी पाहणी ती.

एक दिवस सीनाकाठच्या डोमगावासाठी ठेवावा. तिथं समर्थशिष्य कल्याणस्वामींची समाधी आहे. त्यांच्या हातची दासबोधाची प्रत 'डोमगावची प्रत' म्हणूनच ओळखली जाते. आमच्या विद्यार्थिनींना दोन पानं उतरवायची म्हटली तरी हात दुखतो!

सोबत सुती कपडे, टोपी, मोजपट्टी, दशम्या नि शेंगदाण्याची चटणी द्या. दही-ताक मात्र बांधून देऊ नका, उन्हात आंबतं. आणि होकार देण्याआधी दोन गोष्टी विचारून घ्या. बरोबर बाई आहेत का, आणि मुक्कामाच्या शाळेत संडास-न्हाणीला आतून कडी आहे का.