सोसायटी

मीरा रोड पूर्वेला पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये नवखं कुणी शिरलं की पहिला प्रश्न येतो, ‘कुठल्या सोसायटीत जायचंय?’ या एका शब्दात इमारत येते, कमिटी येते, तळमजल्यावरचं ऑफिसही येतं. सोसायटी पाणी सोडते, टँकर मागवते, एनओसी अडवते. सरकारी कागदावर ‘सहकारी गृहनिर्माण संस्था’ असतं, तोंडात मात्र सोसायटीच. ‘समाज’ हा चांगला शब्द हाताशी असताना इंग्रजी कशाला, हा शहरी आळस झाला, असं कुणी म्हणेल. पण हा आळस नाही, निवड आहे. आणि निवडलेला अर्थ आजच्या इंग्रजीतल्या रूढ अर्थाहून जुना आहे.

मूळ लॅटिन ‘सोसियस’ म्हणजे सोबती, भागीदार. त्यावरून आलेला ‘सोसिएटास’ हा रोमन कायद्यात सरळ भागीदारीचा करार होता: कुणी किती घालायचं, नफातोटा कसा वाटायचा. अख्खा लोकसमूह हा व्यापक अर्थ इंग्रजीत पुढे पसरला, आणि त्यासाठी मराठीकडे ‘समाज’ होताच. १९०४ आणि १९१२च्या सहकारी कायद्यांनी ‘सोसायटी’ आपल्या दारात आणली ती कराराचा अर्थ घेऊनच. गावात ‘सोसायटी भरली का?’ म्हणजे पीककर्ज फेडलं का. शहरात तोच करार शेअर सर्टिफिकेटवर दिसतो: जाड कागद, नक्षीची किनार, पन्नास रुपयांचा एकेक भाग, चेअरमन-सेक्रेटरींच्या सह्या, गोल शिक्का आणि मागे हस्तांतराचे रकाने. रोमन भागीदारी एक भागीदार गेला की मोडायची. इथे नॉमिनेशनचा फॉर्म असतो, मागच्या रकान्यात नवं नाव चढतं आणि सोसायटी चालू राहते.

हा अर्थ फार कोरडा झाला, शेजारधर्म कुठे गेला, असा आक्षेप रास्त आहे. पण गणपतीच्या दिवसांत भाषा काय करते ते पाहा. तीच माणसं, तेच आवार, पण आता ‘मंडळ’ येतं. मंडळाची वर्गणी असते, सोसायटीचा मेंटेनन्स असतो. वर्गणी दिली नाही तर कुजबुज होते. मेंटेनन्स थकला तर बोर्डावर नाव लागतं, वर व्याज. जिव्हाळ्याला आणि कराराला मराठीने दोन वेगळी घरं दिली आहेत.

दुसरा आक्षेप अधिक अवघड. मुंबईतल्या गावदेवीची सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी १९१५ची. श्रीपाद सुब्राव तालमकींनी ती उभी केली ती ज्ञातिबांधवांसाठी. म्हणजे पहिल्याच पावलाला समाज आणि सोसायटी एक झाले की! झाले खरे, पण ज्ञाती एक होती तरी घर मिळायला नोंदणी, भाग आणि उपविधी लागलेच. अहमदाबादच्या झोरास्ट्रियन सोसायटीच्या खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सभासदत्व पारशांपुरतं ठेवण्याची मुभा दिली, तीही संघटना करण्याच्या हक्काच्या आणि स्वतः स्वीकारलेल्या उपविधींच्या आधारावर. निकाल मला पटत नाही, पण त्यातली ‘सोसायटी’ कराराचीच आहे.

कराराबाहेर कोण, हे पाहायचं तर भाडेकरूकडे पाहावं. दहा वर्षं त्याच जिन्याने चढणारा, सगळ्यांना नावानिशी ओळखणारा माणूस सोसायटीत राहतो, पण सोसायटी नसतो. त्याला मत नाही. त्याच्यापायी घरमालकाला सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत नॉन-ऑक्युपन्सी चार्ज पडतो, आणि तो बहुधा भाड्यातूनच वसूल होतो. आत असून बाहेर राहण्याची ही गत जुनीच: रोमच्या इटलीतल्या दोस्तांना ‘सोसी’च म्हणत. सैनिक त्यांनी पुरवायचे, नागरिकत्व मात्र रोमकरांचं. इ.स.पू. ९१मध्ये ते उठले. इंग्रजी इतिहासात ते युद्ध ‘सोशल वॉर’ म्हणून नोंदलं गेलं आणि रोमला शेवटी नागरिकत्व द्यावं लागलं. पूनम सागरात वार्षिक सभेची नोटीस अजून घरमालकाच्याच नावे निघते.